मोटरसायकलचा मेंदू आणि मालकाचा पाना

व्याख्यानाचा विषय फळ्यावर लागला तेव्हा काही मंडळींनी आम्हांला विचारले की, कामगार संघटनेच्या माणसाला मोटरसायकलच्या इलेक्ट्रॉनिक्सशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. आम्ही इंजिनियर नाही. शाळा नववीत सुटली आणि पुढचे शिक्षण यंत्रशाळेत, कामगारांच्या खोल्यांत व जुन्या पुस्तकांच्या दुकानांत झाले. परंतु गेली तीस वर्षे भोसरी-पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात ज्यांच्यात आम्ही वावरतो, ती माणसे मोटरसायकली जोडतात, त्यांचे भाग ओततात, त्यांच्या वायरी बांधतात. त्यांतलीच कित्येक उन्हाळ्याची रजा साठवून त्याच गाड्यांवर लडाखला, स्पितीला, नाहीतर किनाऱ्या-किनाऱ्याने गोव्याला जातात. आणि या गाड्या वाटेत अडल्या म्हणजे ज्यांच्या दारात उभ्या राहतात ते मिस्त्रीही आमचेच. तेव्हा हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो आमच्या कचेरीत आपल्या पायांनी चालत आला.

विषय असा : लांब पल्ल्याच्या फिरतीसाठी घेतलेल्या गाडीत कारखान्याने जी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे बसवलेली असतात, त्यांत मालकाने फेरफार करावा की नाही, करायचा तर कोणता, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? तरुण मंडळी याला सरसकट ‘मॉडिफिकेशन’ म्हणतात. एका बाजूचे म्हणतात, पैसे आम्ही मोजले, गाडी आमची. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, हात लावाल तर वॉरंटी गेली आणि कायदाही मोडला. दोन्ही बाजूंना यंत्राच्या आत काय चालले आहे याची नीट कल्पना असतेच असे नाही. म्हणून आधी यंत्र पाहू.

बुलेट ही गाडी १९५५ पासून मद्रासेत जोडली जाऊ लागली. तेव्हापासून थेट २०२० पर्यंत साडेतीनशे सीसीच्या बुलेटला कार्ब्युरेटर होता. कार्ब्युरेटर म्हणजे काय? एक अरुंद गळा. इंजिन हवा ओढते, गळ्यातून जाताना ती हवा वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबाने बारीक भोकातून पेट्रोल वर ओढले जाऊन हवेत मिसळते. त्या भोकाला जेट म्हणतात. जेट मोठे तर पेट्रोल जास्त, लहान तर कमी. सगळा व्यवहार उघड्यावर. मिस्त्री पेचकस घेऊन बसला, कान लावला, पाव आटा फिरवला की गाडी सुरात. त्या मिस्त्रीच्या कानात त्याची सारी मिळकत असे.

हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण मात्र कानाने ठरत नाही, रसायनाने ठरते. एक भाग पेट्रोल पुरते जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. जास्तीत जास्त बळ हवे तर मिश्रण थोडे दाट, म्हणजे १३ च्या आसपास लागते. उलट धुराड्यातल्या शुद्धीकरणाच्या डब्याला, ज्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात, १४.७ च्या अगदी लगत राहिलेले मिश्रण लागते; नाहीतर त्यातले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे महागडे धातू आपले काम करू शकत नाहीत. म्हणजे स्वाराला हवे ते एक, शहरातल्या माणसाच्या फुप्फुसाला हवे ते दुसरे. साऱ्या भांडणाचे बीज या दोन आकड्यांत आहे.

जेटच्या भोकाला इतके काटेकोर वागता येत नाही. म्हणून इंधन फवारणारी पिचकारी आली. कावासाकीने १९८० साली आपल्या हजार सीसीच्या एका गाडीला ती बसवली होती. आपल्याकडे २००६ साली हिरो होंडाची ग्लॅमर एफआय आली, नंतर इतर आल्या, आणि १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ चा नियम लागू झाल्यावर नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. त्याच्या जागी एक लहानशी बंद पेटी आली. हिला ईसीयू म्हणतात. आमचे मिस्त्री तिला ‘मेंदू’ म्हणतात आणि तो शब्द आम्हांला अधिक पसंत आहे.

हा मेंदू विचार करीत नाही, तो पाढे वाचतो. त्याच्या स्मरणात एक कोष्टक असते : उभ्या रकान्यात इंजिनचे फेरे, आडव्या रकान्यात मूठ किती उघडली ते, आणि प्रत्येक चौकोनात आकडा, की पिचकारी किती मिलिसेकंद उघडी ठेवायची. या कोष्टकाला ‘मॅप’ म्हणतात. मेंदूला खबर देणारे हेर वेगवेगळे : एक क्रँकचे फेरे मोजतो, एक मुठीची जागा सांगतो, एक आत येणाऱ्या हवेचा दाब व तपमान सांगतो, एक इंजिनची उष्णता सांगतो. आणि धुराड्यात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळून गेलेल्या वायूचा वास घेऊन चुगली करतो की, मागचा घास दाट होता की पातळ. मिश्रण दाट असले की तो साधारण ०.९ व्होल्ट देतो, पातळ असले की ०.१. मेंदू ती चुगली ऐकून पुढच्या घासात किंचित सुधारणा करतो. संथ, एकसारख्या वेगाने गाडी चालू असता हे चक्र अखंड फिरत असते. मूठ पुरती उघडली की मात्र मेंदू चुगलखोराकडे दुर्लक्ष करतो आणि सरळ कोष्टकाप्रमाणे पेट्रोल देतो.

आता लडाखचे उदाहरण घ्या, कारण फिरतीच्या गाडीची खरी परीक्षा तिथेच होते. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर. तिथल्या पाटीवर पुष्कळ वर्षे याहून मोठा आकडा लिहिलेला होता आणि आमच्या पोरांनी त्या पाटीपाशी छायाचित्रे काढून घेतली आहेत. त्यांचा हिरमोड करण्याचा आमचा हेतू नाही. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. कार्ब्युरेटरला हे कळत नसे. हवा विरळ झाली तरी तो जवळपास पूर्वीइतकेच पेट्रोल ओतत राही, प्लगवर काजळी धरे, काळा धूर निघे आणि स्वार मनालीतच लहान जेट घालून घेई. नव्या गाडीला दाबाची खबर मिळते, म्हणून तिचा मेंदू आपण होऊन पेट्रोल कमी करतो. रॉयल एन्फील्डची हिमालयन २०१६ साली निघाली ती कार्ब्युरेटरवर. २०१७ पासून तिला पिचकारी आली. दोन्ही तऱ्हा चालवलेल्या माणसाला हा फरक तांगलांग लावर विचारा.

पण मेंदू पेट्रोल कमी करू शकतो, हवा निर्माण करू शकत नाही. निम्मी हवा म्हणजे जवळपास निम्मे बळ. हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण ‘घाटात गाडीचा दम टिकवणारी पेटी’ म्हणून बाजारात बरेच काही विकले जाते, आणि चाकणच्या एका पोराने दीड महिन्याचा ओव्हरटाइम त्यात घातलेला आम्ही पाहिला आहे.

या पेट्या काय करतात ते पाहू. सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे हेराला खोटे बोलायला लावणे. आत येणाऱ्या हवेचे तपमान सांगणारा जो भाग असतो, त्याचा विद्युतरोध थंडीत वाढतो. त्याच्या वायरीत आणखी एक रोध जोडला की मेंदूला वाटते, हवा आहे त्यापेक्षा वीसेक अंशांनी गार आहे. गार हवा दाट, म्हणून तो पेट्रोल थोडे जास्त सोडतो. कल्पना चलाख आहे. परंतु एकसारख्या वेगात धुराड्यातला चुगलखोर जागा असतो. तो लगेच कळवतो की मिश्रण दाट झाले, आणि मेंदू ते पुन्हा कमी करतो. म्हणजे फरक पडतो तो मूठ एकदम उघडतानाच्या क्षणी आणि पुरती उघडल्यावर. काही स्वारांना मंद गतीत बसणारे हिसके कमी झाल्यासारखे वाटतात, आणि तो निव्वळ भ्रम असतो असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यासाठी जी किंमत सांगितली जाते ती ऐकली, तर रोध विकणाऱ्या दुकानदाराला घेरी येईल.

दुसरी तऱ्हा म्हणजे मेंदू आणि पिचकारी यांच्यामध्ये एक मध्यस्थ बसवणे. मेंदूने हुकूम दिला की हा मध्यस्थ तो अडवतो, आपल्या कोष्टकाप्रमाणे वाढवतो किंवा कमी करतो, आणि मग पुढे पाठवतो. अमेरिकेची पॉवर कमांडर ही पेटी याच जातीची. हिचा एक गुण आहे की ती काढून टाकली तर गाडी पूर्ववत होते. तिसरी तऱ्हा सर्वांत खोल : निदानाच्या खोबणीतून संगणक जोडून मेंदूतले कोष्टकच पुसायचे आणि नवे लिहायचे. याला ‘फ्लॅश’ करणे म्हणतात. जाणत्याने केले, मिश्रण मोजणारे यंत्र लावून, गाडी रोलरवर चालवून एकेक चौकोन तपासला, तर इंजिन खरोखर गोड चालते. अजाणत्याने दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचे कोष्टक त्यात ओतले, तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन जळतो किंवा दाट होऊन ते शुद्धीकरणाचे मधाच्या पोळ्यासारखे भांडे तापून वितळते. त्यासाठी पुष्कळदा तो ऑक्सिजन सेन्सरच काढून टाकतात. म्हणजे चुगलखोराची तक्रार ऐकायची नाही म्हणून त्याची जीभच कापायची. ही तऱ्हा मालक लोक कारखान्यातही वापरतात, म्हणून आम्हांला ती चांगली ओळखू येते.

या बाबतीत अमेरिकेत एक मोठे प्रकरण घडले. हार्ले-डेव्हिडसनच्या फिरतीच्या गाड्या जगात प्रसिद्ध आहेत. या कंपनीने स्वतःच ‘सुपर ट्यूनर’ नावाची उपकरणे विकली. त्यांनी मालकाला मेंदूतली कोष्टके बदलता येत. सरकारी पर्यावरण खात्याचे म्हणणे असे की, २००८ पासून अशी सुमारे ३,४०,००० उपकरणे विकली गेली आणि त्यांनी गाड्या मंजूर मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडू लागल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये तडजोड झाली. कंपनीने आपली जबाबदारी कबूल केली नाही, पण १ कोटी २० लाख डॉलरचा दंड भरण्याचे आणि ती विक्री बंद करण्याचे मान्य केले. गंमत पाहा : कुलूपही तिचेच आणि ते उघडण्याची चोरकिल्लीही तिचीच.

हीच कंपनी पुढे उलट बाजूने सापडली. जून २०२२ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने तिच्या वॉरंटीच्या अटींवर बोट ठेवले. कंपनी ग्राहकांना असे भासवत होती की बाहेरचे भाग वापरले तर वॉरंटी संपली. अमेरिकेत १९७५ पासूनचा कायदा आहे की, बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला असे नसेल तर केवळ तो भाग वापरला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. आयोगाने कंपनीला ती भाषा बदलायला लावली. ही दोन प्रकरणे आम्हांला शेजारी-शेजारी ठेवावीशी वाटतात, कारण त्यांतून दिसते की फेरफार आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपन्यांना मात्र त्या एकाच पोत्यात घालणे सोयीचे असते. जो सेन्सर काढून टाकतो तो आणि जो जळालेला सेन्सर बदलतो तो, दोघांनाही एकच ‘छेडछाड’ हा शब्द!

कोष्टक लिहिणे ही साहित्यकृती मानली जाते, हेही ऐकून ठेवा. अमेरिकेत मेंदूतल्या आज्ञावलीला ग्रंथाप्रमाणे लेखनहक्काचे संरक्षण आहे आणि तिचे कुलूप तोडणे हा त्या कायद्याखाली गुन्हा. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथल्या काँग्रेसच्या ग्रंथपालाने वाहनमालकांना दुरुस्तीपुरती आणि कायदेशीर फेरफारापुरती सूट दिली. ती अमलात आली वर्षभराने. पण ती फक्त मालकाला होती. मालकाने मिस्त्रीकडून काम करून घेण्याची वाट २०१८ साली मोकळी झाली. म्हणजे मधली दोन वर्षे अर्थ असा की, ज्याला पाना धरता येत नाही त्याला परवानगी आणि ज्याला धरता येतो त्याला नाही.

आता ब्रेककडे वळू. इथे आमचे मत कठोर आहे आणि ते आम्ही लपवत नाही. एबीएस म्हणजे चाक न अडकू देणारी ब्रेकची योजना. बीएमडब्ल्यूने १९८८ साली आपल्या के-१०० या गाडीवर ती प्रथम आणली. चाकाला दातेरी कडे, त्याच्यासमोर सेन्सर. दाते किती वेगाने पुढून जातात ते मोजून मेंदूला कळते की चाक फिरते आहे की घसरते आहे. अडकले की ब्रेकच्या तेलाचा दाब क्षणभर सोडायचा, पुन्हा धरायचा, सेकंदाला अनेकदा. भारतात १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना ही योजना नव्या नमुन्यांसाठी १ एप्रिल २०१८ पासून आणि सर्वांसाठी १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली.

मग फिरस्त्यांना ती बंद का करावीशी वाटते? कारण आहे. खडीच्या उतारावर अडकलेले मागचे चाक खडीत रुतते, पुढे खडीचा ढीग जमतो आणि गाडी थांबते. एबीएस मात्र चाक सतत सोडत राहते आणि गाडी उतरतच जाते. हे ओळखून २०२० च्या हिमालयनला कारखान्यानेच बटण दिले, की मागच्या चाकाचे एबीएस बंद करता यावे. पुढच्याचे नाही. हा विवेक लक्षात घेण्यासारखा आहे : मागचे चाक घसरले तर गाडी सावरता येते, पुढचे घसरले तर स्वार जमिनीवर असतो. ज्या गाड्यांना हे बटण नाही त्यांचा फ्यूज काढून काही वीर हिंडतात. एका फ्यूजने पुढची-मागची दोन्ही चाके उघडी पडतात. कित्येक गाड्यांत वेगाचा काटाही त्याच सेन्सरवर चालतो, तोही मरतो. आणि घाट उतरून डांबरावर आल्यावर फ्यूज परत घालण्याची आठवण राहत नाही. कामगाराच्या मशीनवरचे संरक्षक जाळे उत्पादन वाढावे म्हणून काढून ठेवलेले आम्ही अनेकदा पाहिले आहे, आणि त्यानंतर इस्पितळातही गेलो आहोत. त्यामुळे या फ्यूजबद्दल आमच्याशी हुज्जत घालू नये. पायटेकणीचा म्हणजे साइड स्टँडचा जो स्विच असतो, तो तारेचा तुकडा लावून मुका करणाऱ्यांनाही आमचे हेच उत्तर.

दिव्यांचे तसे नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागतो. तरीही घाटातल्या धुक्यात तेवढा दिवा पुरत नाही, ही तक्रार खरी आहे. जादा दिवे लावण्यात आम्हांला पाप दिसत नाही, समोरच्याच्या डोळ्यांत ते न मारले म्हणजे झाले. पण हिशेब करावा. चाळीस वॉटचे दोन दिवे म्हणजे ऐंशी वॉट. बारा व्होल्टला ते सुमारे पावणेसात अँपियर ओढणार. मुठीवरच्या बारीक स्विचमधून एवढा प्रवाह नेला तर तो वितळेल. म्हणून बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीच्या लगत फ्यूज, मध्ये रिले, आणि स्विचने फक्त रिले हलवायचा. परतीची वायरही थेट बॅटरीच्या ऋण टोकावर न्यायची. ही शेवटची गोष्ट पुष्कळ जण हयगयीने करतात. आमच्या एका जोडारी मित्राला त्याचे फळ मिळाले. पुण्यातल्या एका दुकानाने त्याच्या गाडीला दिवे लावून दिले. केलाँगच्या पुढे संध्याकाळी दिवे लावले की इंजिन बंद पडू लागले. दिवे बंद, इंजिन चालू. दोन ठिकाणच्या लोकांनी ‘मेंदू गेला’ असे सांगितले. शेवटी ट्रकची कामे करणाऱ्या एका म्हाताऱ्या सरदारजीने चाचणीचा दिवा घेऊन वायर शोधली. दुकानदाराने दिव्यांची परतीची तार जवळ सापडली म्हणून सेन्सरांच्या परतीच्या तारेला जोडली होती. त्या नाजूक तारेतून दिव्यांचा प्रवाह गेला की साऱ्या हेरांचा शून्यच वर सरके आणि मेंदूला एकही खबर खरी मिळेनाशी होई. सरदारजीने तार तोडून बॅटरीला जोडली, पन्नास रुपये घेतले. वर चहाही पाजला.

ही वायरिंगची जुडी कशी बनते हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. वेल्डिंगला यंत्रमानव आले, रंगाला आले. पण वायरी अजूनही मुख्यतः हातांनी बांधल्या जातात. फळीवर खुंट्या ठोकलेल्या असतात आणि पाळीभर उभ्या राहून बाया त्यांवरून एकेक रंगीत तार ओढत, गुंफत, टेप गुंडाळत असतात. कोणती तार सेन्सरची आणि कोणती दिव्याची हे त्यांना रंगावरून झोपेतही सांगता येईल. त्यांतल्या पुष्कळ कंत्राटी, म्हणून सहा-आठ महिन्यांनी ते ज्ञान घेऊन घरी जातात. आणि तीच माहिती मिस्त्रीला हवी असते तेव्हा ती कंपनीच्या पासवर्डमागे असते!

आता नव्या गाड्यांत आणखी एक पाऊल पुढे पडले आहे. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळी तार असे. बॉशने १९८६ साली कॅन नावाची पद्धत मांडली. तिच्यात दोन पीळ दिलेल्या तारांवरून सगळ्या पेट्या पाळीपाळीने बोलतात. तारा कमी झाल्या, वजन घटले, हे चांगलेच. पण आता कोणती सोय चालू आणि कोणती बंद, हे तारेवर नव्हे तर आज्ञावलीवर ठरते. केटीएमच्या मोठ्या ॲडव्हेंचर गाड्यांत काही सोयी पहिल्या १,५०० किलोमीटरपर्यंत वापरून पाहायला मिळतात. त्यानंतर पैसे भरले नाहीत तर त्या बंद होतात. सोय चालवणारे यंत्र गाडीतच असते, त्याचे वजन स्वार वाहतो, त्याचे भाग कामगाराने केव्हाच बसवलेले असतात. फक्त कुलूप लागते. कोणी म्हणेल, हा विकणाऱ्याचा हक्क आहे, ज्याला नको त्याने घेऊ नये. व्यापाराच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण असे कुलूप घरी उघडणाऱ्या पोराला चोर म्हणताना आमची जीभ अडखळते, एवढे नमूद करतो.

आपल्या देशातला कायदा काय म्हणतो? मोटर वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ असे सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आवाज करणारे सायलेन्सर पोलीस रस्त्यावर मांडून वर रोलर फिरवतात ते आपण पाहिलेच आहे, आणि ज्यांच्या खिडकीखालून ते सायलेन्सर रात्री दोनला जात होते त्यांच्याइतकाच आनंद आम्हांलाही झाला. पण सायलेन्सर कानाला कळतो. कोष्टक कळत नाही. धुराच्या दाखल्यासाठी दुचाकीची जी तपासणी होते ती इंजिन मंद गतीवर ठेवून. त्या एका चौकोनात आकडा बरोबर असला की दाखला मिळतो, बाकीच्या चौकोनांत काय लिहून ठेवले आहे ते कोणी पाहत नाही. म्हणजे उघड काम करणारा गरीब पकडला जातो आणि महागडे फ्लॅशिंग करून घेणारा सुटतो.

दुरुस्तीच्या बाजूने आपल्याकडेही एक महत्त्वाचा निर्णय झाला आहे. तो मोटारींबद्दलचा आहे, तरी मुद्दा तोच. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण? सुटे भाग, निदानाची उपकरणे आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांना त्या मिळू देत नव्हत्या. दंडाचे प्रकरण पुढे अपिलांत गेले. पण ‘मिस्त्रीला माहिती न देणे ही बाजारातली दांडगाई आहे’ हा निष्कर्ष एका सरकारी आयोगाने नोंदवला, याचे मोल आम्ही कमी समजत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळही उघडले आणि त्यात वाहनांचे क्षेत्र घेतले.

भोसरीत आम्ही रविवारी सकाळी मिस्त्रींचा एक लहानसा वर्ग चालवतो. तिथे निदानाचे एक साधे उपकरण वर्गणी काढून आणले आहे. बीएस-६ पासून दुचाकींनाही स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवण्याची सक्ती झाली आणि एप्रिल २०२३ पासून ती आणखी कडक झाली. त्यामुळे नव्या गाडीच्या सीटखाली सहा टोकांची लाल खोबण सापडते. तीत उपकरण लावले की बिघाडाचा क्रमांक दिसतो. क्रमांक दिसतो, पण त्या सेन्सरच्या तारेचा रंग कोणता, ती कुठून कुठे जाते, निरोगी असताना तिच्यावर किती व्होल्ट यायला हवेत, हे पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत सापडत नाही. मग एक मिस्त्री चांगल्या चालणाऱ्या गाडीवर मल्टिमीटर लावून आकडे घेतो आणि वहीत लिहितो. अशा तीन वह्या भरल्या आहेत. कोष्टक बदलून द्या म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाला ही मंडळी बहुधा परत पाठवतात. आधी एअर फिल्टर साफ कर, प्लग पाहा, चेन ओढून घे, हवा भर, असे सांगतात. दहांतल्या सहा-सात जणांची तक्रार तिथेच मिटते, असे त्यांचे म्हणणे. उरलेल्यांसाठी वही उघडतात.